केलडी म्हणजे केळी नव्हे!

"एवढं सगळं कसं सांभाळता हो?" असं कोणी विचारलं की मी म्हणते, "कुठे सांभाळते? रोज काहीतरी सांडतंच. सांडलेलं गोळा करून ठेवते, त्याचेच किस्से होतात!"

आमचं गाव मिठबाव. हापूसची कलमं, थोडी काजू आणि गोठ्यात चार म्हशी. घरात सासूबाई, नवरा प्रकाश आणि सातवीतली तनू. प्रकाश जामसंड्याला हार्डवेअरच्या दुकानात कामाला जातो, त्यामुळे बाग आणि गोठा माझ्याकडे. त्यात गेली दोन वर्षं आणखी एक काम मी स्वतःच मागे लावून घेतलंय. आमच्या वाडीत अकरा घरं, आणि अकराही बागांत माकडांचा धुमाकूळ. एक कैरी खाणार आणि दहा चावून टाकणार! त्या नुकसानीचा पंचनामा व्हावा म्हणून मी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतेय आणि शेतकऱ्यांच्या मीटिंगांना जाऊन बोलतेय.

शेजारच्या दत्ताकाकांनी तर मला सरळच सांगितलं, "औंदा पंचनामो झालो तर बरा. नायतर बाग कोणाकतरी देतंय आणि झिलाकडे मुंबैक जातंय." काकांनी ती कलमं खांद्यावरून पाणी आणून वाढवलीत. ते मुलाकडे गेले की त्यांच्या मागे आणखी तीन-चार घरं बंद होतील, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हटलं, काही झालं तरी यंदा पंचनामा करून घ्यायचाच.

सासूबाईंना हे अजिबात पटत नव्हतं. त्यांचं एकच पालुपद, "भाषणां करून केलडी पळतत काय गो?"

केलडी म्हणजे आमच्याकडे लाल तोंडाची माकडं. हा शब्द लक्षात ठेवा, त्यानेच सगळा घोळ केला!

*

पहिल्याच मीटिंगचा किस्सा. दारात टेबल टाकून एक गृहस्थ हजेरी घेत बसले होते.

"व्यवसाय?"

"आंबा, काजू आणि चार म्हशी."

त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं, 'गृहिणी'.

"अहो, म्हशी गोठ्यात असतात, गृहात नाही!"

ते हसले. मग म्हणाले, "सातबारा कोणाच्या नावावर?"

"सासूबाईंच्या."

"मग शेतकरी त्या. तुम्ही गृहिणीच."

सासूबाई गेली सहा वर्षं गुडघ्यांमुळे बागेत उतरलेल्या नाहीत. घरी येऊन मी हे सांगितलं, तर त्या खूश होऊन म्हणाल्या, "बरा झाला. म्हणजे मी शेतकरी आणि तू भाषणां करणारी!"

*

अकरा घरांचा अर्ज द्यायच्या दिवशी आमची थोरली म्हैस सकाळीच व्यायला बसली. तिला सोडून कशी जाणार? दत्ताकाकांना म्हटलं, "काका, तुम्ही जावा. फक्त काय झालं ते नीट सांगा."

काका गेले. टेबलावर नवीन आलेला घाटावरचा क्लार्क होता. तो फॉर्म भरत गेला आणि काका सांगत गेले.

"नुकसान कशाचं?"

"केलडी!"

"केळी?"

"होय, केलडी! दुसरा काय आसतला?"

महिन्याभराने उत्तर आलं. 'सदर वाडीत केळीची लागवड आढळून येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

मी कपाळाला हात लावला. काका चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे हयसर केलडी नाय, असा म्हणतत?"

"नाही हो काका. इथे केळी नाहीत असं म्हणतायत."

काका जरा विचार करून म्हणाले, "ता मात्र खरा आसा!"

*

एकदा ऑनलाइन मीटिंग लागली, नेमकी संध्याकाळच्या धारेच्या वेळी. मी फोन गोठ्यातल्या खुंटीला टांगला आणि बादली घेऊन बसले. माझी बोलायची पाळी आली आणि म्हैस ओरडली.

"मॅडम, तुमच्याकडे कोणीतरी मध्ये बोलतंय. त्यांना म्यूट करा."

"सर, हिला म्यूट करायचं बटण नाही. पण ती आमच्याच बाजूने बोलतेय!"

*

माकडं बायकांना भीत नाहीत. साडी दिसली की ती फांदीवरून हलतसुद्धा नाहीत. म्हणून बागेत जाताना मी प्रकाशची पँट, शर्ट आणि टोपी चढवते. एकदा मुंबईहून आतेसासूबाई आल्या. त्यांनी अंगणातूनच मला कलमाखाली पाहिलं आणि कळवळून सासूबाईंना म्हणाल्या, "परकाश कितको वाळलो गो!"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "परकाश दुकानात गेलो. ती त्याची बायल."

पुढची गंमत ऐका. एका मीटिंगच्या दिवशी माकडं हाकलताना इतका उशीर झाला, की कपडे न बदलता मी तशीच गाडीत बसले. दारात तेच टेबल, तेच गृहस्थ. त्यांनी मान वर न करता माझ्या शर्टच्या बाहीकडे पाहिलं आणि स्वतःहून लिहिलं, 'शेतकरी'.

मी सही केली. चांगली ठळक केली.

*

या धावपळीत तनूकडे माझं लक्ष राहिलं नाही. शाळेत 'माझी आई' हा निबंध होता. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि वही पुढे केली. तनूने लिहिलं होतं, 'माझी आई घरी नसते तेव्हा मीटिंगला असते. घरी असते तेव्हा गोठ्यात असते. मोठी झाल्यावर मी तिला भेटणार आहे.'

बाईंसमोर मी हसले. घरी येऊन म्हशींना पेंड घालताना मात्र रडू आवरेना. वाडीच्या अकरा घरांसाठी धावते आणि आपल्याच घराकडे पाठ, असं झालं होतं. त्या दिवसापासून ठरवलं, रविवारची दुपार तनूची. मग मीटिंग असो नाहीतर कोणी साहेब येवोत!

पहिल्या रविवारी मी विचारलं, "बोल, काय करूया?"

ती म्हणाली, "तुझा अर्ज मी लिहू? तुझं अक्षर कोणाला कळत नाही."

तिने पुन्हा सगळा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिला, आणि खाली लाल पेनने रेघ मारून एक टीप टाकली, 'केलडी म्हणजे माकड. केळी नव्हे.' मी म्हटलं, असं अर्जात लिहीत नाहीत. ती म्हणाली, "मग परत केळी लिहितील."

अर्ज दिल्यावर आठ दिवसांत मोठ्या साहेबांचा फोन आला. ती टीप वाचून ते खूप हसले होते म्हणे. "मी स्वतःच बघायला येतो," म्हणाले.

*

साहेब आले त्या दिवशी अकराही घरं आमच्या अंगणात जमली. सासूबाईंनी गुडघे दुखत असताना जामसंड्याला जाऊन पाहुण्यांसाठी वेलची केळी आणली होती आणि ताटात मांडून ओट्यावर ठेवली होती. मला नवलच वाटलं, पण विचारायला वेळ नव्हता.

बागेत गेलो तर एकही माकड नाही! रोज सकाळी हजेरी लावणारी टोळी गडप झाली होती. बरं, माकडं नाहीत तर नाहीत, चावून टाकलेल्या कैऱ्या तरी दाखवू म्हटलं, तर कलमांखाली एकही कैरी दिसेना. अकराही बागा आरशासारख्या लख्ख!

"दत्ताकाका, कैऱ्या खंय?"

काका अभिमानाने म्हणाले, "साहेब येतले म्हणान काल सगळ्यांनी मिळान झाडून काढलंव. घाण बरी दिसता काय?"

दोन वर्षांचे हेलपाटे, आणि पुरावा आम्ही आमच्याच हातांनी झाडून टाकला होता. साहेबांनी फाइल मिटली. चेहरा भला होता, पण म्हणाले, "ताई, डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी काय लिहिणार?"

"साहेब, चहा घ्या, आणि अर्धा तास बसा. दोन वर्षं मी थांबलेय, तुम्ही अर्धा तास थांबा," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. साहेब बसले.

कप तोंडाला लागतो न लागतो तोच छपरावर धप्पकन आवाज झाला. मग दुसरा, मग तिसरा. एक दांडगा लाल तोंड्या ओट्यावर उतरला, साहेबांच्या समोर बसला, त्याने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि अख्खी फणी उचलून तो कलमावर गेला. मागोमाग त्याची सगळी टोळी बागेत शिरली आणि कैऱ्यांचा पाऊस सुरू झाला. वाडीची सगळी माणसं आनंदाने ओरडायला लागली. बागेचं नुकसान बघून टाळ्या वाजवणारे बागायतदार साहेबांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिले!

साहेबांनी कप खाली ठेवला आणि फाइल उघडली.

"काय म्हणता तुम्ही याला?"

अकरा घरांनी एका सुरात सांगितलं, "केलडी!"

साहेबांनी एकेक अक्षर विचारून ते लिहिलं. तनूने वाकून तपासलं. मग त्यांनी आमच्या घराचा कागद पुढे घेतला. "शेतकऱ्याचं नाव? सातबारा आजींच्या नावावर दिसतोय."

"होय, त्यांचंच लिहा," मी म्हटलं.

"थांबा!" सासूबाई भिंतीला धरून उठल्या. "सातबाऱ्यार माझा नाव आसा, पण बाग ती करता. शेतकरी म्हणान तिचा नाव लिवा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि विचारलं, "आणि आजी, तुमच्या नावावर काय लिहू?"

सासूबाईंनी कलमावर फणी घेऊन बसलेल्या माकडाकडे बोट केलं.

"माझ्या नावार ती केळी लिवा!"