भावोजींचे अध्यक्ष आणि वन्संचा चिखल

अगं ये, जवळ ये जरा. आजीचं पत्र असं हात लांब करून, एका डोळ्यानं वाचायची कुठली रीत? दोन वर्षं झाली तुझं तोंड बघून, आणि परवा पाठवलंस काय, तर भेटकार्ड! त्यावर सोनेरी अक्षरांत छापलेलं, की देशानं तुमच्यासाठी काय करावं हे विचारू नका, तुम्ही देशासाठी काय कराल ते विचारा. आणि मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात, की हे वाक्य आमच्या शाळेच्या फाटकावर रंगवलंय, आणि नळाला पाणी नाही म्हणून मुली तक्रार घेऊन आल्या तेव्हा मोठ्या बाईंनी त्यांना फाटकाकडे बोट दाखवलं, कशी गंमत! गंमत? माझा चहा गार झाला हातातला. तू त्या शाळेत मास्तरीण आहेस ना? मग बैस आता आणि सगळं ऐक. हे वाक्य आपल्या गावातून एकदा चिखल तुडवत गेलंय, आणि तुला त्याचा पत्ता नाही, हा दोष माझा. मीच कधी सांगितलं नाही.

जगातल्या समस्त अध्यक्षांची वाक्यं खुद्द त्या अध्यक्षांनीही घेतली नसतील इतकी मनावर घेतलेला एकच माणूस या पृथ्वीवर होऊन गेला, आणि तो माझ्या नणंदेचा नवरा होता. आम्ही त्यांना भावोजी म्हणायचो. परदेशी जाणाऱ्या बोटींवर ते रंगारी होते. सत्तेचाळीस साली, देश मोकळा झाला त्याच वर्षी, ते बोट सोडून कायमचे रेवदंड्याच्या खाडीकाठी आपल्या गावी आले. बोटीवरची माणसं घरी येताना लुगडी आणायची, अत्तराच्या बाटल्या आणायची. वन्संनी आठ दिवस आधीपासून शेजारणींना सांगून ठेवलं होतं. भावोजींनी ओटीवर पत्र्याची पेटी उघडली आणि आतून निघाली वर्तमानपत्रांची कात्रणं. अमेरिकेचे अध्यक्ष, कुठले कुठले अध्यक्ष, कुणी दाढीवाले, कुणी चष्म्याचे, आणि प्रत्येकाचं एकेक वाक्य लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलेलं. बोटीवरचा एक गोवेकर बटलर त्यांना अर्थ सांगायचा आणि भावोजी तो मराठीत उतरवून घ्यायचे. वन्संनी पेटीत कोपरापर्यंत हात घालून पाहिला. मग झाकण लावलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. बोंबील गुंडाळायला कागद न्हवता."

खरंच गुंडाळले हो! दुसऱ्या दिवशी भावोजी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे ओरडले, "अगं, अध्यक्षांच्या तोंडावर बोंबील?" आणि वन्सं आतून, "मंग कुनाच्या तोंडावर ठेवू, तुमच्या?"

हा संसार पुढे वीस वर्षं असाच चालला. भावोजी जेवताना दाढीवाल्या अध्यक्षांचं वाक्य सांगायचे, की लोकांचं राज्य लोकांनीच लोकांसाठी चालवायचं, आणि सांगता सांगता त्यांचे डोळे भरून यायचे. वन्सं म्हणायच्या, "लोकांनी रांधलं, लोकांसाठी वाढलं, लोकांनी खाल्लं. आता ताट घासायला कोन, मीच ना?" त्यावर भावोजी उठून खरोखर ताट घासायचे. त्या काळी, त्या गावात, पुरुषमाणूस विहिरीवर ताट घासतो म्हणजे काय, हे तुला कळायचं नाही. लोक हसायचे. भावोजी राखेचा हात वर करून सांगायचे, "वाक्य आधी सदऱ्यासारखं अंगात घालून बघावं. आपल्या मापाचं असंल तरच दुसऱ्याला दाखवावं."

अध्यक्ष मात्र त्यांना कुठलाही चालायचा. शाळेच्या संमेलनाला आलेला, भजनी मंडळाचा, नाहीतर हळदीकुंकवाला खुर्चीत बसवलेली बाई. जो कुणी अध्यक्ष म्हणून उभा राही, त्याच्यासमोर हे पहिल्या रांगेत वही घेऊन. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "मी फार बोलणार नाही," आणि दीड तास बोलले. भावोजींच्या वहीत त्या दिवशी एवढीच नोंद, "वाक्य पहिलं. खोटं."

गावात त्यांचं काम होडी रंगवायचं. नारळी पुनवेच्या आधी सगळ्या होड्या रंगून निघत, आणि नावं घालायला भावोजींसारखा हात नव्हता. मी शाळेची पायरी चढले नाही. अक्षरं शिकले ती त्यांनी रंगवलेल्या होड्यांवरून, मासळीची वाट बघत काठावर बसल्या बसल्या. पण नाव घालून ते थांबतील तर भावोजी कसले? नावाखाली एक वाक्य यायचंच. एका वर्षी त्यांनी एका तांडेलाच्या, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याच्या, नव्या होडीवर, देवीच्या नावाखाली, तळहाताएवढ्या अक्षरांत लिहिलं, "भ्यायचं तर फक्त भीतीला." तेही कुठल्याशा अध्यक्षांचं, देश अडचणीत असताना धीर द्यायला बोललेलं. तांडेलाला वाचता येत नव्हतं. सकाळी कुणीतरी वाचून दाखवलं आणि एकही खलाशी होडीत पाय ठेवायला तयार होईना. तांडेल कोयता घेऊन भावोजींच्या दारात. "अरं, होडीच्या तोंडावर भेव लिवतंस? दर्यात जायच्या येळेला भेवाचं नाव घेतात काय?"

"अरे, भीती घालवायला लिहिलंय!"

"घालवायला लिवलंस तर आली कशी? काल न्हवती!"

दोन नारळ फोडून, अक्षरं खरवडून, तिथं कमळ काढून दिलं तेव्हा ती होडी पाण्यात गेली. भावोजी मात्र तांडेलावर रागावले नाहीत. मला म्हणाले, "वयनी, चूक माझीच. चांगलं वाक्य कुठं टांगलंय, त्यावरनं त्याचा अर्थ फिरतो." हे लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.

मग एकसष्ट साल उजाडलं. अमेरिकेत नवा तरणा अध्यक्ष आला आणि त्यानं शपथ घेताना हे तुझं कार्डावरचं वाक्य म्हटलं. वाण्याच्या दुकानातल्या रेडिओवर भावोजींनी ते ऐकलं आणि तसेच अनवाणी घरी आले. दोन दिवस जेवणात लक्ष नाही. तिसऱ्या दिवशी खाडीकाठच्या मासळीच्या शेडची अख्खी भिंत त्यांनी डांबरानं काळी केली आणि त्यावर पांढऱ्या रंगात ते वाक्य लिहिलं. काय देखणी अक्षरं! पलीकडच्या काठावरून दिसायची. आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? वन्संनासुद्धा.

त्या भिंतीच्या खालीच आमचा चिखल होता. तू धक्का बघितलास, चिखल बघितला नाहीस. भरतीला होडी शेडपर्यंत यायची. ओहोटीला मात्र लांब खाडीत उभी राहायची, आणि आम्ही बाया मांडीएवढ्या चिखलातून जाऊन, मासळीची टोपली डोक्यावर घेऊन परत यायचो. दिवसातून दोनदा. तळाला कालवांची कवचं, वस्तऱ्यासारखी. त्या पावसाळ्यानंतर वन्सं टोपलीसकट पडल्या आणि त्यांचा गुडघा फाटला. महिनाभर अंथरुणात. उठल्या त्या लंगडतच, आणि पुन्हा टोपली घेतली, कारण मासळी कुणासाठी थांबत नाही. मग आम्ही अकरा जणी मिळून एक अर्ज घेऊन गेलो. खाडी सुधारायला म्हणून एक समिती निघाली होती, तिच्या अध्यक्षांकडे. मागणं काय, तर दगडाचा एक धक्का, ओहोटीच्या पाण्यापर्यंत पायऱ्या असलेला.

अध्यक्ष खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. अर्ज घडी करून बाजूला ठेवला आणि हसून म्हणाले, "बायांनो, तुमच्याच गावच्या भिंतीवर काय लिहिलंय? देशाकडे मागायचं नसतं, देशाला द्यायचं असतं. वाचायला शिका जरा."

वाचायला शिका! आणि वाचता मला येत होतं, त्या भिंतीच्या रंगाऱ्याकडूनच! माझ्या अंगाचा असा भडका उडाला ना, अजून तो विझलेला नाही. मांडीभर चिखलात दिवसाला दोनदा उतरणाऱ्या बाईनं देशाला अजून काय द्यायचं? दुसरा गुडघा?

त्या दिवशी वन्संनी भावोजींना नुसता भात वाढला. कालवण नाही, मीठही नाही. भावोजींनी वर बघितलं. वन्सं म्हणाल्या, "काय वाढनार ते इचारू नका. तुमच्याच भिंतीवर लिवलंय." आणि आठ दिवस बोलल्या नाहीत. मी म्हटलं, "भावोजी, पुसून टाका ती भिंत." त्या माणसाला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "का पुसू? वाक्याचा काय गुन्हा? जो ते बोलला त्यानं सगळ्यात आधी स्वतःच्या मानेवर घेतलं. ह्यानं तुमच्या मानेवर ठेवलं आणि स्वतः खुर्चीत बसला! मांडीभर चिखलातल्या बाईला हे वाक्य सांगायचं न्हाय. ती ते वाक्य करून बसलीय कवाच!"

आणि मग जमलं बघ कसं! त्याच हिवाळ्यात शाळेच्या संमेलनाला हेच गृहस्थ अध्यक्ष ठरले. दिवस पुनवेचा. पुनवेला भरती साडेबाराला असते, हे खाडीकाठचं शेंबडं पोरही सांगेल. त्यांना तसं कळवलं होतं. पण साहेब पलीकडच्या काठी जेवले, वामकुक्षी केली, आणि मचव्यातून आले ते पाचाला. खाडी आटलेली. मचवा लांब उभा. आपल्याकडे रीत अशी, की ओहोटीला पाहुणा आला तर गावच्या गड्यांनी त्याला खांद्यावर बसवून काठाला आणायचं. पाहुण्याचा पाय चिखलाला लागता कामा नये. गडी काठावर होते. पण त्यांच्या पुढे, चिखलात गुडघाभर, भावोजी हात मागे बांधून उभे. कुणी हलेना.

साहेबांचं धोतर परीटघडीचं, पायात नवे पंपशू. "अरे, उचला कुणीतरी!"

बगळे तेवढे चालत होते.

"ऐकू येत नाही का? अध्यक्ष आलेत म्हणावं!"

एवढ्यात मचव्याच्या शेजारून वन्सं आल्या, डोक्यावर भरली टोपली, लंगडत. साहेबांकडे मान वळवली, टोपली हलू न देता, आणि म्हणाल्या, "सायेब, गाव तुमच्यासाठी काय करंल ते इचारू नका." आणि पुढे चालू लागल्या.

सगळा काठ हसला. तांडेल तर हसून हसून खालीच बसला. साहेब लालबुंद झाले आणि रागाच्या भरात उतरले. पहिल्या पावलाला पंपशू गेला, तो आजतागायत खाडीतच आहे. चार पावलांत ते मांडीपर्यंत रुतले आणि कवच लागून त्यांनी "आई गं" म्हटलं. आता त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं भेव होतं. तेव्हा भावोजी गेले. साठीला आलेला माणूस, वाकला आणि म्हणाला, "बसा खांद्यावर. पाहुणे आहात."

खांद्यावर बसून ते काठाला आले. अर्ध्यावर आल्यावर, मी जवळच होते म्हणून ऐकलं, ते हळूच म्हणाले, "ह्या बाया रोज जातात इथून?"

भावोजी म्हणाले, "हे विचारलंत, हे बरं झालं."

धक्का झाला. तीन वर्षं लागली, पण झाला. आणि उद्घाटनाला संगमरवरी पाटी लागली, तिच्यावर काय होतं सांगू? तेच वाक्य, आणि त्याखाली समितीच्या अध्यक्षांचं नाव, जणू काही त्यांच्याच पोटातून निघालेलं! ज्यानं भिंत रंगवली त्याला बोलावणं नाही. ज्यांचे गुडघे फुटले त्यांचा उल्लेख नाही. मी पाटीला शेण फासायला निघाले होते. भावोजींनीच अडवलं. "राहू द्या वयनी. पाटीचा दगड वर हाय. वर काय, कुनीबी लिवतं."

मग पुढच्या अमावास्येला ते पाथरवटाची छिन्नी मागून घेऊन गेले. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते, आणि धक्क्याची शेवटची पायरी घटकाभरच उघडी पडते. त्या पायरीवर ते बसले. एका ओहोटीत काम होईना. सात-आठ अमावास्या-पुनवा लागल्या. जन्मभर वाक्यं लिहिणाऱ्या त्या माणसानं तिथं एकही वाक्य लिहिलं नाही. नुसती नावं कोरली, अकरा. त्यासाठी ते आधी घरोघर फिरले होते, कारण आम्ही सगळ्या अमक्याची आई आणि तमक्याची सून. स्वतःचं नाव विचारल्यावर एकीला तर ते आठवायला वेळ लागला. पहिलं नाव वन्संचं आहे. भावोजींनी ते तोंडानं कधी घेतलं नाही, आपल्यात घेत नसत. दगडावर घेतलं. वन्संना दाखवायला नेलं तेव्हा त्यांना वाचता येईना. मी वाचून दाखवलं. त्यांनी त्या अक्षरांवरून ओलं बोट फिरवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "कात्रनं बरी गुंडाळली मी. घरात मला जागा झाली." दोघं घरी गेली ती हळूहळू, एकमेकांच्या पायाच्या बेतानं.

आता दोघंही नाहीत. भिंत पडली, पाटी तेवढी वर चकचकीत आहे. चौथं नाव माझं आहे बरं का त्या पायरीवर. लहानपणी तू त्याच पायऱ्यांवरून पाण्यात उड्या मारायचीस, पण भरतीला, म्हणून तुला दिसलं नाही. त्यावर आता शेवाळ धरतं, कालवं बसतात. वर्षाकाठी एकदा मी जाऊन नारळाच्या सोडणानं, त्या वरच्या काथ्याच्या सालीनं, घासून काढते, पण यंदा गुडघ्यांनी शेवटच्या चार पायऱ्या उतरू दिल्या नाहीत. तेव्हा तुझ्या मोठ्या बाईंना सांग, फाटक नंतर दाखवा, आधी नळ बघा म्हणावं. आणि तू ये. सुट्टीची वाट बघू नकोस, अमावास्या बघ, आणि संध्याकाळच्या ओहोटीआधी पोच. सोडण मी भिजवून ठेवते. खाली तू उतर, मी वरच्या पायरीवर बसून एकेक नाव सांगत जाईन. लवकर ये गं.