गॉगलवाल्याचा मराठी आवाज

नाशिकरोडच्या प्रभाकर टॉकीजचा डोअरकीपर गोटीराम पेखळे याला इंग्रजी येत नव्हतं, आणि ही गोष्ट त्याच्याखेरीज सगळ्या गल्लीला ठाऊक होती.

झालं असं, की एक्याण्णव साली रविवारच्या मॉर्निंग शोला पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "काय म्हणतोय रे तो?" पडद्यावर काळा गॉगल लावलेला एक गोरा हेर दुसऱ्या गोऱ्याच्या कानाशी कुजबुजत होता. गोटीरामने टॉर्च विझवली, घसा खाकरला आणि सांगून टाकलं, "तो म्हणतोय, देवळालीगावातली आठ गुंठे जागा मुकाट्यानं माझ्या नावावर कर."

थिएटर हसलं. त्या हसण्याने गोटीराम कामातून गेला तो गेलाच.

त्या हेराचे सिनेमे दोन-तीन वर्षांआड निघायचे. नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून नाशिकरोडला ती सगळी मालिका 'गॉगलवाला' म्हणूनच चालली. नट बदलले, पण गॉगल तोच राहिला. गोटीराम उजव्या दाराशी उभा राहून अख्खा सिनेमा मराठीतून सांगायचा. त्याचे हिशेब ठरलेले होते. कुजबुज आली की जागेचा वाद. बाई हसली की ती मामाची मुलगी. टेबलामागचा म्हातारा साहेब ओरडला की तो सासरा. खलनायकाला जगबिग बुडवायचं नसे, त्याला एकलहऱ्याचा तीन नंबरचा संच बंद पाडायचा असे, आणि मग वीजकेंद्रातली मंडळी बाकांवर चढून शिट्या मारायची. हेलिकॉप्टरला लटकलेला गॉगलवाला म्हणायचा, "अण्णा, बिटको चौकात सोडा, पुढं मी जाईन चालत."

लोक तोंडावर त्याला 'दुभाषीसाहेब' म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही. हळूहळू साहेब काखेत इंग्रजी पेपर मारून लंकाबाईच्या चहाच्या टपरीवर यायला लागले. पेपर महिनाभर तोच असायचा. लंकाबाईने एकदा विचारलंच, "दुभाषीसाहेब, कालची बातमी आज पण तीच हाय का?"

"इंग्रजी बातमी लय दिवस टिकते," गोटीराम म्हणाला. ते त्याला खरंच पटलेलं होतं. दहा वर्षं रोज थाप मारली की मारणाऱ्यालाच ती पाठ होते. घरी बायको सिंधुबाई, चार घरी पोळ्या लाटून येणारी, तिच्याकडेही तो 'सॉरी' म्हणून पाणी मागायचा.

पुढे दोन हजार सहाच्या सुमाराला दोन्ही बाजूंनी घात झाला. सिनेमे हिंदीत बोलायला लागले, म्हणजे गोटीरामचं अर्धं काम गेलं. उरलेलं अर्धं गॉगलवाल्याने घालवलं. नवा नट आला, त्याने गॉगलच काढून टाकला. तो मार खायचा, धापा टाकायचा, मेलेल्या बाईच्या उशाशी बसून रडायचा. गोटीरामने पहिल्या शोला सवयीने सांगायला सुरुवात केली, "मामाची मुलगी झोपलीय," तर मागून कुणीतरी म्हणालं, "गप रे, ऐकू दे." पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

दोन वर्षांनी त्या नटाचा पुढचा सिनेमा यायची वेळ झाली, तेव्हा टपरीवर वादाला तोंड फुटलं. मालिका चालू ठेवावी की बंद करावी, हसरी ठेवावी की रडकी. रिक्षावाला चंदर म्हणाला, "माणूस म्हटला की रडणारच. किती दिवस तेच ते लटकायचं?" सायबर कॅफेवाला लखन म्हणाला, "बंद करा म्हणावं. म्हातारी झाली ती." गोटीराम लाल झाला. "रडायला घर हाय प्रत्येकाला," तो म्हणाला. "पैसे देऊन दुसऱ्याचं रडणं कोण बघतं?"

त्याच आठवड्यात टॉकीजचे मालक धनराजशेठ यांनी त्याला बोलावलं. नवा गॉगलवाला पुढल्या आठवड्यात शुक्रवारी लागणार होता. "गोटीराम, आता सांगणं बंद. पब्लिक तक्रार करतं. बुकिंगच्या खिडकीत बस, पगार तोच. बुधवारपर्यंत हो-नाही सांग. नाहीतर दुसरा बघतो."

चांगली बसायची नोकरी होती ती. पण खिडकीत बसलेल्याला कुणी दुभाषीसाहेब म्हणत नाही. गोटीराम थेट लखनकडे गेला आणि म्हणाला, सिनेमा काढणाऱ्या कंपनीला लंडनला पत्र लिही. त्याने मराठीत सांगितलं, लखनने मशीनवर टकटक केलं. गॉगल परत द्या. रडणं बंद करा. नाशिकरोडला मालिका माझ्यामुळे चालते, तसं धनराजशेठला लेखी कळवा. "गेलं," लखन म्हणाला. ते त्याच्या टेबलाच्या खणापर्यंत गेलं होतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. रंगीत छापलेलं, वर सोनेरी शिक्का. लखनने टपरीवर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. पेखळेसाहेबांची हरकत कंपनीने गंभीरपणे घेतली आहे. मंगळवारी दुपारच्या मुंबईच्या गाडीने आमचा माणूस येईल. पहिल्या फलाटावर पाण्याच्या टाकीजवळ थांबावे. ओळखीसाठी आपण काळा कोट, काळा गॉगल घालावा आणि हातात द्राक्षांचा घड धरावा. तोपर्यंत आपली जागा सोडू नये. लंकाबाई पदर तोंडात कोंबून आत गेली.

रात्री सिंधुबाई म्हणाली, "अहो, लंडनवाल्याला कसं ठाऊक, टाकी कुठल्या फलाटावर आहे ते?"

"हेर आहेत ते," गोटीराम म्हणाला. "त्यांना सगळं ठाऊक असतं."

"नळावर बायका हसत होत्या मला बघून."

"हसणारच. त्यांच्या नवऱ्यांना कुठून पत्रं येतात?"

तिने ट्रंकेतून लग्नातला कोट काढला आणि बगलेत उसवून दिला, तरी पोटावरचं बटण काही लागेना.

मंगळवारी सकाळी गोटीराम कोट घालूनच धनराजशेठकडे गेला. "खिडकी नको मला. लंडनचा माणूस येतोय. काय ते त्याच्याशी बोला." शेठ हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "बरं. टॉर्च ठेवून जा." खिडकीत तासाभरात शेठचा भाचा बसला. बुधवारपर्यंतसुद्धा थांबावं लागलं नाही.

मार्चचं ऊन. गाडी दीड तास उशिरा. पहिल्या फलाटावर टाकीजवळ काळा कोट, काळा गॉगल, हातात घड. आणि समोर, वडेवाल्याच्या गाड्यामागे, बाकड्यांवर, खांबांआड मिळून चाळीस माणसं. सगळ्यांनी फलाटाचं तिकीट काढलं होतं. कंजूष म्हणून नाव काढलेल्यांनीसुद्धा. लंकाबाईने त्या दुपारी टपरी बंद ठेवली होती. चंदरने लेकराला खांद्यावर घेतलं होतं, दिसावं म्हणून. द्राक्षांचा रस गोटीरामच्या मनगटावरून कोटाच्या बाहीत उतरत होता, माशा बसत होत्या, पण त्याने हात खाली केला नाही. कारण हेर हात खाली करत नाही.

गाडी आली. आता कुणीच उतरणार नाही, मग टाळ्या वाजवायच्या, असा लखनचा बेत होता. पण नशीब लखनपेक्षा खवट. टाकीसमोरच्या डब्यातून पाठीवर पिशवी घेतलेला एक उंच, खराखुरा गोरा उतरला.

गोटीराम पुढे झाला. वाकला. घड दिला.

गोऱ्याने घड घेतला, हसला, खिशातून दहाची नोट काढून गोटीरामच्या कोटाच्या वरच्या खिशात खोचली आणि काहीतरी विचारलं. लांबलचक विचारलं. त्यातला 'त्र्यंबक' तेवढा सगळ्यांना कळला. गोटीरामने मान डोलावली. गोऱ्याने पुन्हा विचारलं, हळू, जसं बहिऱ्याला विचारतात तसं. गोटीराम नुसता मान हलवत राहिला.

तेवढ्यात गाड्यामागून लखनचा आवाज आला, "भाऊ, काय म्हणतोय तो? सांगा की."

गोटीरामने गॉगल काढला. उन्हात त्याला एकेक तोंड दिसलं. लखन, चंदर, लंकाबाई, वीजकेंद्रातली शिट्यावाली मंडळी. पत्र कुठून आलं, टाकी कुणाला ठाऊक होती, नळावर बायका का हसल्या, सगळं एका दमात उलगडलं. पळून जायला जिना जवळच होता. पण इतक्या वर्षांची सवय. विचारलं की सांगायचं. त्याने घसा खाकरला.

"तो म्हणतोय, मालिका हसरी ठेवायची का रडकी, ते विचारायला आलो होतो. पण विचारायची गरज नाही. हे चाळीस जण कामधंदा सोडून, तिकीट काढून आलेत. यांना माणूस रडलेला बघायचाय. तर तसलाच काढतो म्हणतोय इथून पुढं."

काय हसले म्हणता. फलाटावर शिट्या पडल्या. चंदर म्हणाला, इतक्या वर्षांतला हा सगळ्यात भारी शो. गोरा द्राक्षं खात बसस्टँडकडे निघून गेला होता. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शुक्रवारी गॉगलवाला लागला. धनराजशेठनी दया म्हणून, आणि स्वस्तात मिळाला म्हणून, गोटीरामला सायकल स्टँडवर ठेवलं होतं. बिल्ले द्यायचे, बिल्ले घ्यायचे. फलाटावरचे बहुतेक सगळे पहिल्याच शोला आले होते. त्यांच्या गाड्या त्याने नीट एका ओळीत लावून घेतल्या.

आत अंधारात नवा नट पाच मिनिटं सलग रडला. हिंदीत रडला. पुढच्या बाकावरून कुणीतरी सवयीने म्हणालं, "काय म्हणतोय रे तो?" उजव्या दाराशी कुणी नव्हतं.

सुटल्यावर लखन बिल्ला घेऊन आला. "भाऊ, काही मजा नाही आली बुवा. कंटाळा आला."

"हिंदीत होतं ना?" गोटीराम म्हणाला. "मग कळलं असेल सगळं."

लखनने लुना ओढली. ती हलेना. दोन्ही चाकांत हवा नव्हती. शेजारच्या गाडीतही नव्हती. ओळीतल्या एकवीस गाड्यांत नव्हती. फलाटावर कोण कोण होतं ते गोटीरामला नावानिशी पाठ होतं, आणि अनोळखी माणसांच्या गाड्यांना त्याने बोटही लावलं नव्हतं. एकवीस जण उन्हात गाड्या ढकलत बिटको चौकाकडे निघाले.

गोटीराम स्टुलावर बसून बघत होता. शेठ आतून शिव्या घालत येताहेत हे त्याला ऐकू येत होतं. ते पोचण्याआधीच त्याने बिल्ल्यांची पिशवी खिळ्याला अडकवली. खिशातली ती दहाची नोट चाचपली, आणि घरी सिंधुबाईला सिनेमा काय सांगायचा ते जुळवत तो चालायला लागला.