आठावर

"बास. ह्याच्या म्होरं गाणं न्हाय, गोंगाट."

सिस्टीमचं गोल बटण आठावर आणलं की आमचे शेजारी हे वाक्य म्हणत आणि बोट पायजम्याला पुसत. समोरच्या पट्टीवर हिरवा आकडा दिसत असे, तरी बटण फिरवताना ते तोंडानं मोजत. बंद करताना उलटं मोजत शून्यावर यायचं, मगच स्विच. "मशीन शून्यावर आणल्याबिगर सोडायचं न्हाय." ही कारखान्यातली शिस्त.

कसबा बावड्यात आमची दोन घरं एकाच भिंतीची. ते कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लोखंड ठोकायच्या शेडमध्ये होते. तिथं त्यांनी बावीस वर्षं यांत्रिक घणाचे दणके ऐकले. पंचतारांकित म्हणण्यासारखं एवढंच, की डबा खायला सावली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही सिस्टीम घेतली. मधे एक डबा, दोन बाजूंना दोन छोटे स्पीकर, सगळं भिंतीतल्या एका फळीवर मावणारं. ते तिला सिस्टीम म्हणत, वहिनी टेप म्हणत आणि गल्ली 'आठवाल्यांचा डॉल्बी' म्हणे. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर स्पीकरची भिंत रचतात, तिला आमच्याकडं डॉल्बी म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

रोज संध्याकाळी पाचला सारंगीची सीडी लागे. मी गेलो की ते म्हणत, "या सर, आठावर ऐका." दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर एक खुर्ची होती, ती पाहुण्याची. चहा सीडी संपल्यावर, कारण कपबशी वाजते. मी कॉलेजात आयुष्यभर शिकवलं, पण एवढं शांत बसलेला वर्ग मला कधी मिळाला नाही. त्या वर्गात विद्यार्थी मी एकटाच होतो, हे खरं.

अशा माणसाचं गल्लीतल्या मंडळाशी पटणं शक्य नव्हतं. दर वर्षी ते डॉल्बीविरुद्ध अर्ज देत. एका वर्षी मंडळानं अर्जाला उत्तर देण्याऐवजी त्यांचा सत्कारच ठेवला. आपल्याकडं विरोधकाचं तोंड बंद करायची ही जुनी, खात्रीची रीत आहे. अध्यक्ष घरी येऊन म्हणाले, "काका, तुमी आमचं मार्गदर्शक. न्हाय म्हणायचं न्हाय." शाल, नारळ आणि कानांवरून गुंडाळलेला भगवा फेटा. मग त्यांना डॉल्बीसमोर पहिल्या खुर्चीत बसवलं आणि बटण दाबलं. माझ्या छातीत हिसके बसत होते. ते मात्र गुडघ्यावर बोटं ठेवून शांत बसले होते. थोडंसं हसतही होते.

"म्हातारा फेट्यात गार झाला की," गल्ली म्हणाली. मीही तेच समजलो. एका शालीत तत्त्व गुंडाळलं गेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती, त्यांत आणखी एक. मी पाचला जायचं बंद केलं.

दोनेक महिन्यांनी भिंत वाजू लागली. आधी पुसट, मग अशी की माझ्या कपाटातली पुस्तकं थरथरत. सारंगीच, पण करवतीसारखी. एक दिवस मी गेलो. टोमणा तयारच होता.

दार वहिनींनी उघडलं. मला पायरीवरच थांबवून त्या म्हणाल्या, "भावजी, त्यास्नी ऐकू येईना झालंय. लई दिस झालं. सत्काराच्या टायमालाबी न्हवतं येत. गल्लीत सांगू नगासा, आठवाल्यानं कान घालवलं म्हणून हसतील म्हणालेत."

"कानाला मशीन?"

"लावलंतं की. त्यात सारंगी पत्र्यावर घासल्यावानी वाजती म्हणून काढून ठेवलं."

आत ते स्पीकरच्या जाळीवर तळहात टेकून बसले होते. हिरव्या आकड्यावर वहिनींनी विणलेला रुमाल टाकला होता. रुमालातून एकतीसचा आकडा दिसत होता.

मला पाहून ते दचकले. रुमाल नीट केला. म्हणाले, "या सर. आठावरच हाय न्हवं?"

बटण त्यांनीच फिरवलं होतं. मी टोमणा गिळला आणि दोन्ही हातांची मिळून आठ बोटं वर केली.

"बास," ते म्हणाले. "ह्याच्या म्होरं गोंगाट."

मी पाहुण्याच्या खुर्चीत बसलो. कान दुखत होते. सीडी संपेपर्यंत बसलो.

गल्लीत कुरकुर सुरू झाली तेव्हा मी सांगितलं, की टेप माझा आहे, नवीन घेतलाय. एक भिंत, दोन घरं, कुणाला कळणार? अध्यक्ष स्वतः आले. "सर, तुमच्याकडनं ही अपेक्षा न्हवती. शिकल्या-सवरल्या माणसानं असं करायचं व्हय?" जाता जाता हसून म्हणाले, "फुडच्या वर्षी तुमचाबी सत्कार करतो." शेजारी मात्र बाहेर ओट्यावर मान ताठ ठेवून बसत. लोक त्यांना आठवालेच म्हणत. हे वर्षभर चाललं.

एका संध्याकाळी सीडी चालू असतानाच त्यांच्या छातीत दुखू लागलं म्हणून दवाखान्यात नेलं. तीन दिवसांनी गेले. फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. ते तापेपर्यंत उभा राहिलो, मग गॅस बंद करून शर्ट घातला. ह्यात धीर वगैरे काही नव्हता. दूध उतू जाईल एवढंच डोक्यात होतं. पुढचे तेरा दिवसही तसेच गेले, समोर आलेलं काम करत.

चौदाव्या दिवशी वहिनींनी बोलावलं. "भावजी, टेप एवढा लावून द्या की. मी कवा हात लावला न्हाय त्याला." मी रुमाल काढला, स्विच दाबला. आकडा शून्य होता. "रिक्षा दारात हुबी हुती," वहिनी म्हणाल्या, "तरी आधी ते बटण फिरवाय गेले."

मी बटण मोजत आठावर आणलं. "बास," वहिनी म्हणाल्या.

आता रोज पाचला त्या स्वतःच लावतात, आठावर. भिंतीतून माझ्याकडं काही येत नाही. मी पाचला भिंतीशी खुर्ची ओढून बसतो. पुस्तकं जागच्या जागी असतात.

परवा अध्यक्ष वाटेत भेटले. म्हणाले, "सर, आवाज कमी केलासा, बरं झालं. लोकांनी किती सोसायचं?"

मी म्हणालो, "चुकलंच माझं."