साहेबांच्या हस्ते बांधलेली गाठ

प्रल्हाद मामा गेले आणि बॅचच्या ग्रुपवर हात जोडायची स्पर्धा लागली आहे.

"आपला माणूस गेला."
"रॉकेट टीमचा आधारस्तंभ."

मी विचारलं, आधारस्तंभाचं आडनाव काय? आणखी चार जणांनी हात जोडले.

वाठोरे. प्रल्हाद वाठोरे, हदगावचे. आडनाव मलाही आज सकाळी त्यांच्या मुलीनं सांगितलं तेव्हा कळलं. त्यामुळे माझंही कौतुक करू नका.

मामा आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होते. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, बारा वर्षं. आम्ही रॉकेट उडवलं त्या वर्षी ते कायम होणार होते, फाईल वर गेली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोठं मॉडेल रॉकेट उंचावर गेलं की आतल्या चिमूटभर बारुदीनं त्याचे दोन तुकडे होतात आणि पॅराशूट बाहेर येतं. तुकडे आणि पॅराशूट एका लांब पट्ट्यानं जोडलेले असतात. तो हार्नेस. तो टिकला तर रॉकेट उतरतं, नाही तर पडतं.

आमच्या एचओडी सरांनी इंटरनेटवर बघून हार्नेससाठी इलॅस्टिक आणायला सांगितलं. हा माणूस दिवाळीत सुरसुरीसुद्धा हात लांब करून धरायचा, पण रॉकेटमधलं त्याला सगळं कळत होतं.

मामा मला म्हणाले, "रबर नगं ताई. ताणतंय, आन् उलट येऊन आपल्याच थोबाडात मारतंय."

मग आम्ही दोघं ट्रकवाल्यांच्या दुकानात गेलो. ताडपत्री आवळायची नायलॉनची पट्टी घेतली, रॉकेटच्या चौपट लांब. "आखूड पट्ट्याला झटका लई बसतो." टोकाला शिवलेला फास, त्यात स्क्रूची पोलादी कडी. बारुदीजवळच्या भागाला वेल्डिंगच्या जुन्या हातमोज्याचं चामडं.

पट्टा झाला की मामा तो वर्कशॉपच्या गर्डरला बांधायचे, खाली अर्धं पोतं वाळू, आणि पोतं वरून सोडून द्यायचे. धप्प.

"ओढून न्हाई कळत ताई. पडू द्यावं लागतंय."

एका सेमिस्टरमध्ये मी जेवढं शिकले त्यातलं एवढंच लक्षात आहे.

दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. देगलूरकडचा एक तलाव तळाला भेगा पडेपर्यंत आटला होता आणि आमच्या सरांना त्यात "आयडियल लाँच साईट" दिसली. प्रमुख पाहुणे कोण? नवा जिल्हा झालाच पाहिजे म्हणणारे एक साहेब. रॉकेटवर लाल अक्षरात 'नवा जिल्हा' रंगवलं, कारण साहेब आमच्या संस्थेवर होते आणि सरांना प्राचार्य व्हायचं होतं.

काठावर गावचा टँकर उभा होता. बायका घागरी घेऊन रांगेत. त्याच टँकरच्या पाण्यानं आधी साहेबांच्या मंडपापुढे सडा मारला, धूळ उडू नये म्हणून. आम्ही भावी इंजिनिअर फोटो काढत होतो.

नारळ फुटला. मग सरांना सुचलं, शेवटची जोडणी साहेबांच्या हस्ते.

कडीचा स्क्रू पान्यानं आवळावा लागतो, त्यात फोटो चांगला येत नाही. म्हणून सरांनी कडी काढायला लावली. साहेबांनी पट्ट्याचं टोक पॅराशूटच्या रिंगला हातानं बांधलं. पायजम्याची नाडी बांधतात तशी गाठ. टाळ्या.

मामा पुढे झाले. "सर, ही गाठ सरकून राहिली. नायलॉन हाय. दोन मिनिटं द्या, कडी लावतो."

सर दात आवळून म्हणाले, "साहेबांची गाठ सोडतोस? सगळ्यांसमोर?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी टीम कॅप्टन होते. चेकलिस्ट माझ्या हातात होती, त्यात ओळ होती: कडी बंद.

मी टिक केलं.

रॉकेट झकास वर गेलं. पॅराशूट उघडलं आणि एकटंच तरंगत तेलंगणाकडे निघून गेलं. खाली 'नवा जिल्हा' आला, सरळ, नाकावर. टँकरच्या रांगेत ठेवलेली एक घागर चेपली. घागरीची बाई दोन पावलं मागे उभी होती, म्हणून वाचली.

साहेब तिच्याकडे न बघता गाडीत बसले.

चार दिवसांत अहवाल तयार झाला. 'हार्नेसची सदोष बांधणी. जबाबदार: वर्कशॉप मदतनीस.' खाली सरांची सही आणि माझी. सर म्हणाले होते, "तुझं प्लेसमेंट आहे ना?" होतं. झालं.

मामांची ऑर्डर पुन्हा निघाली नाही.

जाताना गर्डरखाली भेटले. मला वाटलं, शिव्या देतील. म्हणाले, "पट्टा तुटला न्हाई ना ताई?"

नाही मामा. पट्टा शाबूत होता.

"मग झालं," म्हणाले.

नंतर ते हदगावच्या स्टँडजवळ बॅगा, दप्तरं शिवायचे. मी कितीदा त्या रस्त्यानं गेले. एसटीतून उतरले नाही.

मुलगी सांगत होती, पप्पा शेवटपर्यंत म्हणायचे, माझ्या पट्ट्यानं कुणाची घागर चेपली न्हाई. घरच्यांनी दरवेळी मान हलवली. खरं कुणालाच वाटलं नव्हतं. कागद उलटं सांगत होता ना.

प्राचार्य सर, तुम्हीही ग्रुपवर हात जोडलेत. खाली एक फोटो टाकला आहे. झूम करा. पट्टा साहेबांच्या हातात आहे. शेजारी तुम्ही हसताय. मागे मामा, पाना घेऊन हात पुढे केलेला. कोपऱ्यात चेकलिस्ट धरलेली मी.

हा फोटो इतकी वर्षं माझ्या फोनमध्ये होता. मी तीन फोन बदलले, प्रत्येक वेळी आठवणीनं कॉपी केला, आणि कुणाला दाखवला नाही.

अहवाल खोटा होता. मी सही केली तेव्हा मला ते माहीत होतं. ही पोस्ट प्रिंट काढून उद्या हदगावला त्यांच्या घरी देणार आहे, सहीसकट.

मामा, ती गाठ तुमची नव्हती.

जय भीम.