पहिली कळशी गाडीला

आमचे मिस्त्री गाडीला पाना लावण्याआधी तिची चव घेत. तेल बोटांत चोळून हुंगत, रेडिएटरमधलं पाणी जिभेच्या टोकाला लावून थुंकत. लातूरच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माणूस अर्धवट आहे अशी माझी खात्रीच पटली.

जिल्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्या आल्या, जीपगाड्या आल्या, मागोमाग रंगीत पाट्यांची गॅरेजं आली. दुष्काळ मात्र जुनाच होता. मी एक मोडका ट्रक घेऊन त्यावर टाकी बसवली होती आणि मुरुडजवळच्या एका वाडीला गोडं पाणी पोचवत होतो. वाडीच्या विहिरीत नुसता गाळ होता. माझी गाडी हाच तिथला पाणवठा, आणि ऐन वैशाखात ती तापून बंद पडायला लागली.

मोठ्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं न उघडलं तोच निकाल दिला, "इंजिन गेलं. गाडी सोडून जा, आठ दिवसांनी ये." आठ दिवस वाडीनं काय प्यायचं? गाडी कशीबशी समोरच्या मिस्त्रींकडे नेली. मोठ्या गॅरेजात गाड्यांची रांग आणि इथं एकही उभी नाही, म्हणून तर मी आधी इकडे फिरकलो नव्हतो.

मिस्त्रींनी तेलाचा रिकामा डबा पुढे सरकवला. "बस. मालकाच्या माघारी मी बोल्टबी ढिला करत न्हाई." गाडी थंड झाल्यावर त्यांनी पाणी चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"कोणचं पाणी घालतो हिच्यात?"

"बोअरचं. टाकीतलं लोकांचं हाय, त्याला कसा हात लावू?"

"अन् गाडीच पोचली न्हाई, तर टाकीतल्या पाण्याचं काय लोणचं घालतो?"

इंजिन शाबूत होतं. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं रेडिएटर चोंदला होता. मिस्त्रींनी दिवसभर नळ्या खरवडल्या, घरच्या माठातल्या पाण्यात सोडा कालवून त्या धुतल्या. गाडीतून जे निघेल ते मालकाच्या हातात द्यायचं, ही त्यांची रीत. पांढऱ्या खपल्या माझ्या ओंजळीत टाकत म्हणाले, "घे, हे तुझं इमान." मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यांच्याकडे गाड्या का दिसत नाहीत तेही कळलं. आलेली गाडी दुरुस्त होऊन त्याच संध्याकाळी आपल्या घरी जाई.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या शेजारी बसून वाडीवर आले. वाटेत गाडी एकदाही तापली नाही. बाया कळशा घेऊन धावल्या, तशी त्यांनी सगळ्यांत पुढच्या म्हातारीला थांबवलं. "मावशी, पयली कळशी गाडीला. तिलाबी तहान हाय."

म्हातारी माझ्यावरच उखडली. "मंग आजवर तिला तहानलेली कशापायी ठिवली रं?" पाऊस पडेपर्यंत पहिली कळशी तीच ओतायची, दुसऱ्या कुणाला ओतू द्यायची नाही.

मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. आता गॅरेजांना काचेची दारं आहेत आणि जो तो म्हणतो, "काका, गाडी ठेवून जा." मी विचारतो, "बसायला डबा हाय का?" बहुतेक जण हसतात, आणि मी गाडी वळवतो. परवा नांदेडात एकानं न हसता स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. किती दिवसांनी हायसं वाटलं! मी आधी बसलो, मग किल्ली त्याच्या हातात दिली.