बत्ता खाली ठेवताना

आज वेलची कुटल्यावर हाताला लोखंडाचा वास राहिला आणि मुलांनो, तुमच्या डार्मश्टाटच्या घराचं तळघर आठवलं. तुमच्याकडे जर्मनीला आले होते तेव्हा तिथे ठेवलेला खलबत्ता आणायला मी एका दुपारी खाली उतरले आणि शिस्तीने दार लावून घेतलं. कुणीतरी बाहेरून कुलूप घालून गेलं. थोड्या वेळाने दिवाही आपोआप विझला. ओल्या सिमेंटचा कुबट वास, मिट्ट काळोख, आणि मोबाइल वर राहिलेला. मी बत्त्यानेच दार ठोकत राहिले. शेजारणीला वाटलं, चोर आहे; तिने पोलीस बोलावले. दार उघडलं आणि पांढरा झोत थेट माझ्या छातीवर आला. टॉर्च पिस्तुलालाच बसवलेला होता. तरुण पोलीस जर्मनमध्ये ओरडत होता. हातातलं टाक म्हणतोय, एवढं कळलं. पण स्वयंपाकाची वस्तू फेकायची कशी? ती नीट ठेवायला मी वाकले, तसा झोतही माझ्याबरोबर खाली आला. “मॅडम, हलू नका,” मागचा वयस्कर पोलीस इंग्रजीत म्हणाला. त्याने साथीदाराचा हात खाली करायला लावला आणि स्वतःच्या हातातल्या टॉर्चने जमीन उजळली. नंतर मलाही कळावं म्हणून इंग्रजीतच त्या तरुणाला म्हणाला, “नुसतं बघायला हा हातातला वापरायचा. पिस्तुलावरचा जिकडे वळतो, तिकडे पिस्तुलाची नळीही वळते.” वर आल्यावर तुमच्या आजोबांना मी एवढंच सांगितलं, “अहो, दार अडकलं होतं, पोलिसांनी उघडून दिलं.” ते अजून तसंच समजतात. फोनवर त्यांच्याशी बोलताना तुम्हीही तसंच समजा.