मोठी हो म्हणू नका

लेकीच्या डोक्यावर हात ठेवायची आमच्या शेजारणीची एक तऱ्हा होती. आपण मायेनं ठेवतो तसा नाही. डब्याचं झाकण बसवावं तसा, वरून जरा दाबून. लखनऊ छावणीतल्या आमच्या क्वार्टरांच्या रांगेत बायका म्हणायच्या, पोरीचे केस बसवते. मलाही तसंच वाटायचं.

मी जन्मभर पलटणीच्या लंगरात स्वयंपाक केला. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या हातचं कुणी परत केलं, असा एक माणूस दाखवा. पेन्शन घेऊन मुलाकडं राहत होतो, तोही तिथंच नोकरीला. एकोणीसशे नव्वदच्या पुढची ती वर्षं. शेजारी नायक हुद्द्याच्या एका जवानाचं बिऱ्हाड आलं, आमच्या साताऱ्याकडचं. नवरा, ही, आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी.

मुलीला सेरेब्रल पाल्सी. जन्मताना श्वास कोंडला, मेंदूला इजा झाली. डोकं तल्लख, पाय मात्र हट्टी. स्नायू आवळलेले, टाचा टेकायच्या नाहीत, गुडघे एकमेकांना घासायचे. तरी भिंतीला धरून पोर माझ्या दारापर्यंत यायची. मालिश केलेल्या हातांच्या तेलाची एक रेघच भिंतीवर उमटली होती, तिच्या दारापासून माझ्या दारापर्यंत.

"आजोबा, आज क्या बनाया?"

"मराठीत विचार, मग सांगतो."

"आजोबा, आज क्या बनाया?" हसून पुन्हा तेच. माझ्यापेक्षा हट्टी.

तिच्या वाढदिवसाला आईनं ओवाळलं आणि पोर आईच्या आधारानं माझ्यापुढं वाकली. मी नेहमीचा आशीर्वाद दिला, "मोठी हो, बाळ."

"मोठी हो म्हणू नका, नाना," आई एका हातात ताम्हण धरून म्हणाली.

"मग काय म्हणू? लहान हो?"

बायका हसल्या. ती हसली नाही. "सुखी राहा म्हणा."

म्हाताऱ्या माणसाला आशीर्वाद शिकवते म्हणजे काय!

पुढं थंडी पडली तशी मी डिंकाचे लाडू केले. सुनेच्या हाती शेजारी धाडले. डबा गेला तसा परत आला. मी भिंतीवरून हाक मारली, "लाडवात काय खोट निघाली?"

"खोट नाही, नाना. पोरीला पुरे."

पुरे हा तिचा शब्द. अर्धी पोळी झाली की पुरे. कपात दोन घोट दूध झालं की पुरे. व्यायामाला मात्र पुरे नव्हतं. सकाळी अंगणात पोरीला बुटक्या स्टुलावर बसवायची, पायांना वाळूच्या पिशव्या बांधायची आणि सुरू. "ऊठ. बस. ऊठ."

"मम्मी, थक गई."

"अजून एक."

माझी सून म्हणायची, "सख्खीच आई आहे ना हो ही?" पोर भिंत धरून आली की मी तिच्या तोंडात लाडू कोंबत होतो. त्याचा मला आजही अभिमान आहे.

एक दिवस तिनं पोरीच्या हनुवटीला लागलेला चुरा पाहिला आणि माझ्या दाराशी आली. मी भांडायच्या तयारीत होतो. ती पायरीवर बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

"इस्पितळातल्या फिजिओबाई म्हणाल्या, उंची वाढेल, वजन वाढेल, ते या पायांना पेलणार नाही. पुष्कळ मुलं मोठी झाली की चालायची थांबतात. नाना, उंची मी कशी थांबवू? वजन तरी माझ्या हातात आहे."

तेव्हा मला डोक्यावर दाबलेल्या त्या हाताचा अर्थ कळला. तुम्हीही रोज पाहिला असता आणि केस बसवते असंच म्हणाला असता.

"पोरी," मी म्हणालो, "उपाशी जवान परेड करतो का?"

"तुम्ही काय डॉक्टर आहात?"

"नाही. म्हणून म्हणतो, त्या बाईंनाच विचारून ये."

ती गेली. फिजिओबाईंनी पोरीची मांडी चाचपली आणि आईलाच विचारलं, "बच्ची को खाना नहीं देतीं क्या? ताक़त किस चीज़ से बनेगी?" हे तिनंच मला सांगितलं, वाटी घेऊन दारात उभी राहून. "नाना, लाडू आहेत?"

त्या दिवसापासून भिंतीपलीकडून "अजून एक" ऐकू यायचं ते जेवणाच्या वेळी. पोर खिदळायची, "बस, मम्मी, पेट फट जाएगा!" गालांवर रंग आला. मला वाटलं, जिंकलो.

पण त्याच वर्षी पोर उंच झाली. हाडं वाढली, आवळलेले स्नायू त्यांच्याबरोबर वाढेनात. गुडघे वाकलेलेच राहू लागले. माझ्या दारापर्यंत येणारी पोर भिंतीच्या मध्यावर थांबू लागली, मग आपल्याच उंबऱ्यावर. "आजोबा, अब आप आया कीजिए," म्हणाली. मी जायला लागलो. आई तिला आधी कडेवर घ्यायची, मग पाठीवर. स्टूल अंगणातच राहिलं, कावळे बसायचे त्यावर.

फिजिओबाई म्हणाल्या, हे एरवीही झालं असतं. पण नक्की कुणी सांगू शकत नाही. ते शेवटचे शब्द आईच्या मनातून जाईनात.

"नाना, मी केलं का हे?"

"नाही."

"खोटं बोलताय."

मी लंगरात सुभेदाराला उलट बोललेला माणूस. तिच्यापुढून उठून आलो.

मग नायकाची बदली आली. फौजेत बिऱ्हाड हलतंच. पण त्या दिवशी मी चारबाग स्टेशनवर गेलो, लाडवांचा डबा घेऊन. नवरा ट्रंका चढवत होता. ती पोरीला पाठीवर घेऊन उभी होती. मला पाहून तिनं पोरीला खाली उतरवलं, मागून दोन्ही काखांत हात घातले आणि उभं केलं. पाय थरथरत होते. उभी राहिल्यावर दिसलं, पोर आईच्या खांद्याला आली होती.

"आजोबांच्या पाया पड."

पोर जमेल तेवढी वाकली.

"नाना, म्हणा," आई म्हणाली.

"काय म्हणू? सुखी राहा?"

"नाही. सगळ्या पोरांना म्हणता ते."

मी लाडवांचा डबा खाली ठेवला. गार्डची शिट्टी झाली. पोरच म्हणाली, "बोलिए ना, आजोबा, मम्मी थक जाएगी."

"मोठी हो," मी म्हणालो.

तिचे दोन्ही हात पोरीला सावरण्यात अडकलेले होते. पोरीचं डोकं मोकळं होतं. मी त्यावर हात ठेवला. दाबला नाही.